‘९९ टक्के उष्णता रोखते’, म्हणजे नेमके काय रोखते?

उन्हाळा जवळ आला की खिडक्यांना लावायच्या फिल्मच्या जाहिराती दिसू लागतात आणि त्यांत एक आकडा हमखास असतो: ९९ टक्के. ‘९९ टक्के अतिनील किरणांपासून संरक्षण’, ‘९९ टक्के अवरक्त किरण अडवते’, ‘९९ टक्के उष्णता रोखते’. ग्राहकाला या तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच वाटतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती तीन निरनिराळी विधाने आहेत. पहिले बहुधा खरे असते, दुसरे अर्धवट खरे असते आणि तिसरे, आरपार दिसणाऱ्या फिल्मच्या बाबतीत, अशक्य असते.

पातळ थरांच्या प्रकाशीय गुणधर्मांशी माझा कामानिमित्त रोजचा संबंध येतो. त्यामुळे फिल्म ही वस्तूच फसवी आहे असे मी म्हणणार नाही. योग्य खिडकीवर योग्य फिल्म लावली तर खोलीत जाणवेल इतका फरक पडतो. प्रश्न असा आहे की योग्य म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी लागणारे आकडे ग्राहकाच्या हाती पडत नाहीत. जे पडतात ते निवडीच्या कामाचे नसतात. माझ्या मते हे आकडे छापणे बंधनकारक असले पाहिजे.

हा विषय केवळ घरसजावटीचा नाही. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आणि त्या अनुभवातूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्मा कृती आराखडा तयार झाला. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ मधील राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यानुसार २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज सुमारे ८ पट होणार आहे. ही गरज जितकी वातानुकूलन यंत्रांवर ढकलू तितका विजेचा भार वाढेल. आणि ज्यांच्या घरी असे यंत्र नाही, त्यांच्यासाठी तर खिडकीतून येणारी उष्णता अडवणे हाच थेट उपाय उरतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेची ढोबळ वाटणी अशी: अतिनील सुमारे ५ टक्के, दृश्य प्रकाश सुमारे ४५ टक्के आणि अवरक्त सुमारे ५० टक्के. म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश हीदेखील उष्णताच आहे. तो भिंतीवर, फरशीवर, सोफ्यावर पडतो, शोषला जातो आणि शेवटी खोलीच तापवतो. ‘प्रकाश आत, उष्णता बाहेर’ ही घोषणा म्हणूनच एका मर्यादेपलीकडे खरी होऊ शकत नाही.

ही मर्यादा काढणे अवघड नाही. अशी एक आदर्श फिल्म कल्पा की जी अतिनील आणि अवरक्त किरण एकही आत सोडत नाही आणि दृश्य प्रकाशाचा ७० टक्के भाग जाऊ देते. तिच्यातून थेट आत येणारी ऊर्जा झाली ४५ च्या ७० टक्के, म्हणजे सुमारे ३१.५ टक्के. पण हिशेब इथे संपत नाही. अडवलेली ऊर्जा एक तर परावर्तित होते किंवा फिल्ममध्ये आणि काचेत शोषली जाते. बाजारात ‘सिरॅमिक’ या नावाने मिळणाऱ्या बहुतेक फिल्म्स अवरक्त किरण मुख्यतः शोषतात. शोषलेल्या ऊर्जेने काच तापते आणि ती उष्णता दोन्ही बाजूंना देते. बाहेर वारा असेल तर त्यातला साधारण पाव भाग आत येतो. हवा पडलेली असेल तर त्याहून अधिक. एकूण ६० टक्के ऊर्जा शोषली गेली असे धरले तर आणखी १५ टक्के आत आली. बेरीज झाली ४६-४७ टक्के. अवरक्त किरण शंभर टक्के अडवणारी ही काल्पनिक फिल्मही उन्हाची जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा बाहेर ठेवू शकली. प्रत्यक्षातील फिल्म आदर्श नसते. त्यातच जाहिरातीतले ‘९९ टक्के अवरक्त’ पुष्कळदा संपूर्ण अवरक्त पट्ट्याचे नसते; ९०० ते १००० नॅनोमीटरच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यातले असते, कारण फिल्मची कामगिरी तिथे सर्वांत चांगली दिसते.

दुकानातला दिव्याचा प्रयोगही याच जातीचा. काचेच्या एका तुकड्यामागे लाल-पिवळा तापदीप ठेवतात आणि ग्राहकाला हात पुढे धरायला सांगतात. साध्या काचेपुढे चटका बसतो, फिल्म लावलेल्या काचेपुढे जवळजवळ काहीच जाणवत नाही. प्रयोग खरा असतो, पण तो सूर्याचा नसतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्विन, त्यामुळे त्याचे प्रारण ०.५ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य पट्ट्यात, सर्वाधिक असते. दिव्याची तार २४०० केल्विनच्या घरात असते. वीनच्या नियमाने तिचे शिखर १.२ मायक्रोमीटरला येते आणि तिची ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा अवरक्त असते. अवरक्त शोषणाऱ्या फिल्मसाठी याहून सोयीचा परीक्षक शोधून सापडणार नाही. शिवाय हात अर्धा मिनिटच पुढे असतो. तेवढ्यात फिल्म पुरती तापलेली नसते. पश्चिमेच्या खिडकीवर ती तीन-चार तास उन्हात राहते, स्वतः तापते आणि मग खोलीकडे उष्णता टाकू लागते.

मग कोणता आकडा विचारायचा? एसएचजीसी, अर्थात सौर उष्णता लाभ गुणांक. खिडकीवर पडलेल्या एकूण सौर ऊर्जेपैकी थेट आत आलेला भाग आणि शोषला जाऊन नंतर आत आलेला भाग, दोन्ही त्यात धरलेले असतात. साध्या ६ मिलिमीटर काचेचा हा गुणांक सुमारे ०.८२ असतो. काही कंपन्या त्याऐवजी टीएसईआर, म्हणजे एकूण नाकारलेल्या सौर ऊर्जेची टक्केवारी, देतात. एकातून एसएचजीसी वजा केला की तोच आकडा मिळतो. त्याच्या जोडीने व्हीएलटी, म्हणजे दृश्य प्रकाशाचे पारगमन, विचारावे. फिल्म किती हुशार आहे हे या दोहोंच्या गुणोत्तरावरून कळते. एसएचजीसी ०.४ आणि व्हीएलटी ५० टक्के असलेली फिल्म निवडक आहे, एसएचजीसी ०.४ आणि व्हीएलटी १५ टक्के असलेली फिल्म फक्त काळी आहे. रंगवलेली स्वस्त फिल्म बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. काळेपणा म्हणजे थंडावा नव्हे, ही गोष्ट बाजारात सर्वांत कमी सांगितली जाते.

आकडा कळल्यावर दिशा पाहावी, कारण प्रत्येक खिडकीला फिल्मची गरज नसते. दिल्लीत २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर अर्ध्या फुटाचा छज्जा असला तरी त्याची सावली त्या वेळी साडेपाच फूट खाली उतरते. मुंबईत तर मध्य मेपासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरते ते डिसेंबरात, आणि उत्तर भारतात ते हवेसे असते. लेहजवळच्या सेकमॉलच्या इमारती हिवाळ्यातल्या याच दक्षिणेच्या उन्हावर उबदार राहतात; तिथे अशी फिल्म लावणे म्हणजे चुलीवर पाणी ओतणे. खरा त्रास पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्यांचा. सूर्य खाली झुकलेला असतो, छज्जा निरुपयोगी ठरतो आणि पश्चिमेचे ऊन येते तेव्हा घर दिवसभर तापून झालेले असते. पैसे मोजकेच असतील तर ते पश्चिमेच्या खिडकीवर खर्च करावेत.

किती फायदा होईल याचाही प्रामाणिक हिशेब मांडू. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी उशिरा दर चौरस मीटरला सुमारे ६०० वॅट पडतात असे धरू. दीड चौरस मीटरच्या खिडकीवर ९०० वॅट झाले. साध्या काचेतून त्यातले सुमारे ७४० वॅट आत येतात, ०.४ गुणांकाच्या फिल्ममधून ३६०. म्हणजे ३८० वॅटची बचत झाली. बंद खोलीत लहानसा हीटर चालू ठेवावा तेवढी ही उष्णता आहे आणि तिचा फरक शरीराला जाणवतो. विजेच्या बिलात मात्र तो तितका दिसत नाही. वातानुकूलन यंत्र १ वॅट विजेवर साडेतीन वॅट उष्णता बाहेर टाकते असे मानले तर चार तासांत अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज वाचते. ८ रुपये दराने दिवसाला साडेतीन रुपये. फिल्मचा आणि मजुरीचा भाव विचारून भागाकार प्रत्येकाने स्वतः करावा. ‘वर्षभरात पैसे वसूल’ हे वाक्य त्या भागाकारात टिकते का, ते लगेच कळेल.

प्रकाश कमी होण्याची किंमत या हिशेबात नाही. भर दुपारी दिवा लावून अभ्यास करावा लागत असेल तर आपण उष्णतेशी नव्हे, दिवसाशीच भांडण काढले आहे. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त खिडक्यांचे क्षेत्र बाह्य भिंतींच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल तर दृश्य पारगमन किमान २७ टक्के ठेवण्याची अट आहे. ती अट नव्या इमारतींच्या आराखड्यासाठी आहे. पण घरात राहायला आलेल्या माणसाने नंतर १५ टक्क्यांची काळी फिल्म लावली तर तो हेतू तिथेच संपतो. याउलट, ‘काळ्या फिल्मवर बंदी आहे’ असे समजून घाबरणारेही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०१२ चा निर्णय वाहनांच्या काचांविषयी होता, घरांविषयी नाही.

दुसरी गरज खासगीपणाची आणि इथला गैरसमज अधिक गंभीर आहे. ‘एकाच बाजूने दिसणारी’ फिल्म अशी कोणतीही वस्तू नसते. आरशासारखी फिल्म बाहेरून आत जितक्या टक्के प्रकाश जाऊ देते तितकाच आतून बाहेरही जाऊ देते. ती काम करते ती दोन बाजूंच्या उजेडातील फरकावर. २० टक्के पारगमन आणि ५० टक्के परावर्तन असलेली फिल्म घ्या. दिवसा बाहेर २०,००० लक्स आणि खोलीत २०० लक्स उजेड असेल, तर बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत परावर्तनाचे १०,००० आणि खोलीचे फक्त ४० असे प्रमाण पडते. त्याला आरसाच दिसतो. रात्री खोलीत दिवा लागला, आत १५० लक्स आणि रस्त्यावर १० लक्स झाले, की खोलीचे ३० आणि परावर्तनाचे ५. चित्र उलटले. आता बाहेरच्याला खोली स्वच्छ दिसते आणि आतल्याला काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसत असल्याने आपण दिसत आहोत याची जाणीवही होत नाही. तळमजल्यावर किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला ‘आतून दिसते, बाहेरून नाही’ एवढेच सांगून ही फिल्म विकणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. जयपूरच्या १७९९ मधील हवामहालाच्या झरोक्यांमागेही उजेडाच्या फरकाचेच तत्त्व आहे. फक्त त्या जाळीतून वारा येतो, काचेतून येत नाही. रात्रीच्या खासगीपणासाठी पडदाच हवा, किंवा प्रकाश विखुरणारी दुधी फिल्म. दुधी फिल्म दिवसरात्र काम करते, पण काचेला अगदी लागून उभ्या असलेल्या माणसाची आकृती तिच्यातूनही ओळखू येते. न्हाणीघरात याचे भान ठेवावे.

तिसरी गरज सुरक्षिततेची. उष्णतेसाठीची फिल्म साधारण ५० मायक्रोमीटर जाड असते, सुरक्षिततेची १०० ते २०० मायक्रोमीटर. दोघींचे काम वेगळे आहे आणि पहिलीने दुसरीचे काम होईल असे गृहीत धरू नये. जाड फिल्मनेही काच अभंग होत नाही. फुटल्यावर तिचे सुऱ्यांसारखे तुकडे धरून ठेवले जातात, इतकेच. लहान मुलांच्या घरात हे ‘इतकेच’ फार मोलाचे आहे. परंतु फिल्म काचेच्या दिसणाऱ्या भागापुरती लावून चौकटीशी बांधली नसेल, तर मोठ्या धक्क्याने सगळी काच एकाच चादरीसारखी निखळून पडू शकते. ३ मे २०१९ चे फणी आणि ३ जून २०२० चे निसर्ग ही वादळे पाहिलेल्या ओडिशा आणि कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, की वाऱ्याबरोबर उडत येणारा पत्रा फिल्मने अडत नाही. काच नव्याने बसवायचीच असेल तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच अधिक भरवशाची. आणि आगीच्या वेळी जाड फिल्मची काच फोडणे कठीण जाते, म्हणून खोलीतली एक तरी खिडकी, ग्रिलसकट, आतून उघडता आली पाहिजे.

एक धोका क्वचितच सांगितला जातो. शोषणारी फिल्म काचेचा मधला भाग तापवते. चौकटीत दडलेल्या कडा थंड राहतात. साध्या काचेत तापमानाच्या प्रत्येक अंशाच्या फरकाला सुमारे ०.६ मेगापास्कल ताण निर्माण होतो. ३० अंशांचा फरक झाला की ताण १९ मेगापास्कलच्या आसपास जातो. साध्या काचेची कड, विशेषतः ती नीट घासलेली नसेल किंवा टवका उडालेली असेल, तर इथे तडकू शकते. टफन केलेली काच हा फरक सहज सोसते. म्हणून फिल्म निवडण्याआधी आपली काच कोणती, एकेरी की दुहेरी, हे विचारणाऱ्या कारागिरावर जास्त विश्वास ठेवावा. दुहेरी काचेच्या आतल्या बाजूला शोषणारी फिल्म लावण्याचा सल्ला जो बिनदिक्कत देतो, त्याला परत पाठवावे.

या सगळ्याच्या आधी एक स्वस्त पर्याय तपासायला हवा. ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवले तर शोषण आणि पुनःप्रारणाचा प्रश्नच उरत नाही. खिडकीबाहेर सोडलेला बांबूचा चिक, वाळ्याचा पडदा, गच्चीतली वेल, उभे पट्टे हे सारे भौतिकशास्त्राच्या कसोटीवर बहुतेक फिल्मना मागे टाकतात. मात्र गृहसंस्थेचा नियम, भाड्याचे घर, बारावा मजला या अडचणी खऱ्या आहेत आणि तिथेच फिल्मची खरी जागा आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी छताकडे पाहावे. उन्हाळ्यात आडव्या छतावर पडणारे ऊन कोणत्याही खिडकीपेक्षा जास्त असते आणि तिथे पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात खिडकीवरच्या खर्चापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आता मागणीकडे येतो. वातानुकूलन यंत्रावर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे असतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावरही ते सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे २४ अंशांवर सुरू होतात. उष्णता बाहेर काढणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत आपण इतके काटेकोर झालो. उष्णता आत येऊच न देणाऱ्या वस्तूवर मात्र ‘९९ टक्के’ एवढे लिहिलेले चालते. नव्या इमारतीच्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेला इको निवास संहितेने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आणि तिच्या सूत्रात खिडकीचा एसएचजीसी धरला जातो. जो आकडा वास्तुविशारदाला लागतो, तो घरमालकाला का मिळू नये? फिल्मच्या प्रत्येक गुंडाळीवर पाच गोष्टी छापल्या जाव्यात: संपूर्ण सौर वर्णपटावर मोजलेला एसएचजीसी, व्हीएलटी, अतिनील पारगमन, मोजणी कोणत्या जाडीच्या आणि प्रकारच्या काचेवर केली ते, आणि फिल्म कोणत्या काचेवर लावू नये ते. अवरक्त टक्केवारी द्यायचीच असेल तर तरंगलांबीच्या पट्ट्यासह द्यावी. हे आकडे चांगल्या उत्पादकांकडे असतातच. ते ग्राहकापर्यंत पोहोचवायचे आहेत.

तोवर विद्यार्थ्यांनी तीन साधी मोजमापे करून पाहावीत. एक: भ्रमणध्वनीतल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने, संवेदकापुढे फिल्मचा नमुना धरून आणि न धरता वाचन घ्या, गुणोत्तर म्हणजे अंदाजे व्हीएलटी. दोन: टीव्हीच्या रिमोटचा दिवा पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा आणि मध्ये फिल्म धरा. बहुतेक रिमोट ९४० नॅनोमीटरला चालतात, म्हणजे जाहिरातीतल्या नेमक्या त्याच अरुंद पट्ट्यात. फिल्म इथे उत्तीर्ण होईल. तेवढ्यावर तिला पदवी देऊ नका. तीन: दोन सारखी खोकी घ्या, आत काळा कागद आणि तापमापक ठेवा, एकावर साधी काच, दुसऱ्यावर फिल्म लावलेली काच. दोन्ही दिव्याखाली नव्हे, उन्हात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तासभर नोंदी घ्या. पहिल्या पाच मिनिटांतला फरक आणि तासाभरानंतरचा फरक यांची तुलना करा.

आपल्या खिडकीची दिशा, काचेचा प्रकार आणि मिळालेले आकडे इथे खाली जरूर लिहा. आणि दुकानात गेलात तर टक्केवारी ऐकून झाल्यावर एवढेच विचारा: कशाचे टक्के, कोणत्या पट्ट्यात, कोणत्या काचेवर?